कोहेनाचा खांदा

इंग्रजांनी कॅरिबियन समुद्रातलं आमचं स्टेशिया बेट घेतलं तेव्हा रफाएल पिमेंतेलच्या गोदामात बंदुकीची दारू उरली होती, अमेरिकेतल्या बंडखोरांसाठी आणलेली. इंग्रजांच्या नाकावर टिच्चून आमचे व्यापारी बंडखोरांना माल पुरवायचे. त्यात फायदा होताच, पण ते जिंकावेत असंही मनापासून वाटायचं. आता ती दारू सापडली असती तर रफाएलची धडगत नव्हती. त्याने ती शवपेटीत भरली, आत्या वारली असं उठवलं आणि अंत्ययात्रा काढली. दफनभूमीमागे होडी थांबली होती.

पेटी जड. चढावर म्हातारा खांदेकरी लटपटला आणि रफाएलचा मित्र मोर्देखाय कोहेनने धावत जाऊन खांदा दिला. घात तिथेच झाला. आम्हा ज्यूंमध्ये कोहेन म्हणजे पुरोहितांच्या कुळातला. सख्ख्या नात्याखेरीज कुणाच्या प्रेताजवळ जायची त्याला मनाई. आजवर प्रत्येक दफनाला तो भिंतीबाहेर उभा असायचा. आत प्रेत नाही हे ठाऊक होतं, म्हणून वेड्याचे पाय आपोआप गेले.

पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने नाव विचारलं. "कोहेन? माझा लंडनचा घरमालकही कोहेनच. जिवलग मित्र गेला तरी पेटीला शिवला नाही. म्हातारी तुमची कोण?"

मोर्देखायला थाप सुचेना. पेटी उघडली गेली.

"आत काय आहे माहीत होतं?"

"नाही," मोर्देखाय म्हणाला.

रफाएलने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्याला कुठलं माहीत? बावळट आहे तो."

रफाएलला त्याच दिवशी कैदी म्हणून जहाजावर चढवलं. बायकोला, ग्रासियाला, भेटूही दिलं नाही.

शनिवारी, शब्बाथला, मी ग्रासियाबरोबर प्रार्थनेला सभास्थानी गेले. मोर्देखाय दाराशीच घुटमळत होता.

"भाऊजी, आत चला. आशीर्वाद द्यायचाय," ग्रासिया म्हणाली.

"कुठल्या तोंडाने, वहिनी? मी 'माहीत नव्हतं' म्हणालो. स्वतःची लाज वाटते."

"वाटायलाच हवी. पण आशीर्वाद देऊ शकणारे कोहेन तुम्ही एकटेच उरलात. तुम्ही दारात लाजत उभे राहणार आणि आम्ही आशीर्वादावाचून घरी जायचं होय?"

तो आत गेला. प्रार्थनेच्या शालीखाली हात उचलले. देवाने मला या लोकांना प्रेमाने आशीर्वाद द्यायला सांगितलंय, असं कोहेनाला आधी म्हणावं लागतं. 'प्रेमाने'पाशी तो अडला. सगळे खोळंबले.

बायकांच्या जाळीमागे ग्रासियाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हणा ना हो," ती मोठ्याने म्हणाली. "तो आशीर्वाद घेणं मलाही जडच जातंय."