एका टेबलाचं लग्न

मानूसोसच्या गावात लग्न म्हणजे हजार माणूस. आठशेच आले तर लोक कुजबुजत, दोन्ही घरांत काही बिनसलं की काय. क्रीटच्या डोंगरातली ही रीतच. मानूसोसने स्वतः आजवर दोनेकशे लग्नं पाहिली होती आणि त्यातल्या एकातही तो धड बसून जेवला नव्हता. मटण कापण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. कुणाकडे कार्य निघालं की सुरा घेऊन हा पहाटेच हजर.

त्याची एकुलती एक मुलगी रोदांथी हान्या शहरातल्या इस्पितळात नर्स होती. इस्टरला ती घरी आली आणि म्हणाली, "लग्न सप्टेंबरात. माणसं बावीस." मानूसोसला वाटलं, पोरगी बोलता बोलता दोन शून्यं खाऊन गेली.

"ज्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत, अशा हजार जणांच्या गालाला गाल लावत मी चार तास उभी राहणार नाही, बाबा."

"मग नावं पाठ कर. पाच महिने आहेत."

पण रोदांथी हटली नाही. बायकोकडे, अर्गिरोकडे, त्याने आशेने पाहिलं, तर तीही पोरीच्याच बाजूची निघाली. तीन दिवस वाद घालून तो गप्प झाला. मनातून मात्र त्याने सगळा दोष होणाऱ्या जावयावर टाकला. अखिलेअस समुद्रापलीकडच्या व्होलोस शहरातला, बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. आजवर तीनदा घरी येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा मिळून "हो", "नाही" आणि "छान" एवढेच शब्द बोलला होता. शहरातल्या माणसाला आम्ही गावंढळ वाटतो, मानूसोसने ठरवून टाकलं. आमच्या गर्दीत उभं राहायची लाज वाटते, म्हणून बावीस.

आता गावाला तोंड कसं दाखवायचं? बाहेरून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, म्हणून तो घरोघर निघाला. आमंत्रण द्यायला फिरणारे पुष्कळ होऊन गेले. आमंत्रण नाही हे सांगत फिरणारा तो गावातला पहिलाच.

सुरुवात त्याने सगळ्यात अवघड घरापासून केली. चुलतभाऊ स्त्रातिस. त्याच्या पाचही मुलांच्या लग्नांत मानूसोस राबला होता. स्त्रातिसने सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावून घेतलं. मानूसोस मन घट्ट करून बसला.

"खरं सांगू का?" स्त्रातिस हळूच म्हणाला. "या उन्हाळ्यात मला चौदा लग्नं आहेत. दर शनिवारी तोच मटणाचा पिलाफ. डॉक्टर रागावतो, गुडघे रडतात, आणि नाही गेलो तर माणूस तुटतो. तू पहिलाच भेटलास मला सोडणारा. देव तुझं भलं करो."

मग तर नवलच सुरू झालं. दारात आधी सगळ्यांचे चेहरे पडत, कारण तशी पद्धत होती, आणि चार वाक्यांनंतर कुणी राकी दारूचा पेला पुढे करी, कुणी वाटेला लावायला बाहेरपर्यंत येई. एक म्हातारी तर म्हणाली की आता तिच्या नातीच्या लग्नालाही मानूसोसने नाही आलं तरी चालेल.

रागावला तो एकटा मारिनोस. लीरा हे तंतुवाद्य वाजवणारा म्हातारा, या घरातल्या तीन पिढ्या त्याने नाचवल्या होत्या. "वाजवायला नको, समजलो," तो म्हणाला. "पण ऐकायलाही नको?" मानूसोसने घरी येऊन मुलीला विनवलं, आणि तिने आनंदाने तेविसावं पान मांडायचं कबूल केलं. पण मारिनोसचा मान एकदा गेला तो गेला. लग्नाला तो आलाच नाही, आणि नाताळापर्यंत मानूसोस समोर दिसला की रस्ता ओलांडायचा.

लग्न गावाबाहेरच्या टेकडीवरच्या लहानशा चर्चमध्ये लागलं. एरवी लग्न लागत असताना पुरुषमंडळी बाहेर सिगारेटी ओढत उभी असतात, कारण आत जागा नसते. इथे बाहेर उभं राहायला सोबतच नव्हती. मानूसोस आत गेला आणि पाद्री काय म्हणतो ते त्याने आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट रीतीप्रमाणे तीनदा एकमेकांत बदलले, ते त्याने चार हातांवरून पाहिलं. अर्गिरोने त्याच्या बाहीला धरलं होतं. आपल्या लग्नात ती कुठे उभी होती, हे त्याला आठवेना. आठवत होती ती फक्त पाहुण्यांची रांग, आणि दुखणारा हात.

जेवण घरच्या अंगणात, तुतीखाली, एकाच लांब टेबलावर. चार मेंढ्या, एक पातेलं पिलाफ. मानूसोसने तासाभरात कापून मोकळं केलं आणि मग काय करावं हे न कळून बसला. शेजारी जावयाची आई होती, पोलिक्सेनी. गप्पिष्ट बाई. व्होलोसहून सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी मांडीवर धरून आली होती.

"तुमच्या मुलीचे उपकार आहेत," ती म्हणाली. "हजार माणसांसमोर तो उभाच राहिला नसता."

"का बरं?"

पोलिक्सेनीने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "रोदांथी बोलली नाही? तो बोलताना अडतो. लहानपणापासून. अनोळखी माणसं असली की जास्त."

मानूसोसने काटा खाली ठेवला. पोरीने तीन दिवस बापाची बोलणी खाल्ली, पण ही गोष्ट नवऱ्याची म्हणून ओठांबाहेर काढली नव्हती.

तेवढ्यात अखिलेअस पेला घेऊन उठला. कुणी त्याला उठवलं नव्हतं. "मी," तो म्हणाला आणि थांबला. टेबलही थांबलं. कुणी खाली पाहिलं नाही, कुणी शब्द पुरवला नाही. "मी पहिल्यांदा रोदांथीशी बोललो, तेव्हा ए... एक वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला. तिने वाट पाहिली. तिची ब... बस चुकली. त्याच दिवशी मी ठरवलं."

रोदांथी हसत डोळे पुसत होती. पेले भिडले. मानूसोस उठला, टेबलाला वळसा घालून जावयापाशी गेला. बावीस माणसांत ते जमलं. हजारात तो तिथवर पोचलाच नसता.

"पोरा," तो म्हणाला, "मला वाटायचं, तुला आम्ही आवडत नाही."

"मला वाटायचं," अखिलेअस म्हणाला, "तुम्हाला म... मी."

मग मुरंब्याची बरणी फुटली नाही एवढंच. बाकी सगळ्यांनी एकमेकांना इतक्या जोरात मिठ्या मारल्या. लीरा नव्हती, तर अर्गिरोने टाळ्यांवर ठेका धरला आणि पोलिक्सेनीला नाचायला ओढलं. दिवेलागणीला पाहुण्यांनी मिळूनच ताटं विसळली.

गावात लग्नानंतर यजमान आठवडाभर अंथरुणाला खिळतो. मानूसोस दुसऱ्याच दिवशी नेहमीच्या वेळी डोंगरावर आपल्या मेंढ्यांकडे गेला. मंगळवारी जावईही बरोबर चढला. चीजसाठीचं दूध कढईत कोमट होत होतं आणि अखिलेअस बोटीच्या इंजिनाची एक लांबलचक गोष्ट सांगत होता. मधे मधे अडत होता. चीजचं दूध घट्ट व्हायला तास लागतो, त्याला घाई करून चालत नाही. मानूसोस लाकडी ओंडक्यावर बसून ऐकत राहिला आणि मधेच त्याने विचारलं, "बरं, मग इंजिन सुरू झालं का?"

"थांबा," अखिलेअस म्हणाला, "अजून ते ब... बंदसुद्धा पडलं नाही."