परदेशातल्या पंपांची साक्ष

वल्लरी आठल्ये हडपसरच्या एका पंप कंपनीत इंजिनिअर होती. आफ्रिकेतल्या एका देशात पाणीयोजनेचे पंप बसवायला कंपनीने तिला पाठवलं. तिथे खोकी उघडली, तर पंप कमी ताकदीचे आणि वर पाट्या मोठ्या पंपांच्या! तिने पुण्याला फोन लावला. तिचे साहेब श्यामसुंदर कर्वे शांतपणे म्हणाले, "तिथल्या मंत्र्यांची सोय झालीय. बसव आणि ये."

तिने पंपांना हात लावला नाही. तशीच परतली. मग तिची बदली गोदामात झाली आणि पंप दुसऱ्याने बसवले. पहिल्याच उन्हाळ्यात ते जळाले, आणि तिथल्या बायका पुन्हा नदीकडे चालू लागल्या.

पुढे त्या देशात सरकार बदललं, पंपखरेदीत मंत्र्याने लाच घेतल्याची चौकशी लागली. भ्रष्टाचाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर दोन्ही देशांच्या सह्या होत्या. त्याच्याच आधारे त्यांनी भारताकडे मदत मागितली आणि वल्लरीला साक्षीसाठी शिवाजीनगर कोर्टाचं समन्स आलं.

कर्व्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.

"आठवत नाही म्हणायचं. एवढंच."

"पण मला आठवतंय."

"अगं, परक्या मंत्र्याला लाच दिली म्हणून शिक्षा करणारा कायदाच आपल्याकडे नाही. हे करार म्हणजे नुसता कागद."

"मग कागदाला एवढं घाबरता कशाला?"

चहा तसाच ठेवून ती उठली. संध्याकाळी तिला कामावरून कमी केल्याचं कळवण्यात आलं. कसब्यातल्या घरी आई चिंतेने म्हणाली, "तुला काय पडलंय गं त्या लोकांचं?" त्या रात्री वल्लरी नीट जेवली नाही. भीती वाटत होतीच. पण सकाळी ती इस्त्रीची साडी नेसली आणि चालतच कोर्टात गेली.

मंत्र्याचा वकील तिकडून पडद्यावर होता. दुभाषी त्याचे प्रश्न मराठीत सांगत होता. "आमच्या देशाच्या कारभाराशी तुमचा संबंध काय?"

"तुमच्या कारभाराशी काही नाही," वल्लरी म्हणाली. "पंपांशी आहे. ते आमच्या कारखान्यातून खोट्या पाट्या लावून गेले."

"नोकरी गेली म्हणून सूड घेताय?"

"सत्य सांगणार म्हटलं, म्हणून नोकरी गेली. आधी काय झालं आणि मग काय, ते नीट लिहून घ्या."

मॅजिस्ट्रेटबाईंनी मान न उचलता कारकुनाला सांगितलं, "जसंच्या तसं घ्या."

मंत्र्याला तिकडे शिक्षा झाली. कंपनीला परदेशी कामं मिळेनाशी झाली. काही जुने सहकारी वल्लरीला रस्त्यात पाहून तोंड फिरवू लागले. तिनेही कुणाला थांबवलं नाही. तिने लोणी काळभोरला पंपदुरुस्तीचं छोटं वर्कशॉप टाकलं.

एक दिवस कर्व्यांचा फोन आला. खोट्या पाट्यांबद्दल इथेही गुन्हा नोंदला गेला होता. "वल्लरी, निदान इथे तरी गप्प बस. आपण एका गावचे."

"म्हणूनच इथे जरा मोठ्याने सांगणार आहे," ती म्हणाली, आणि तारखेच्या दिवशी वर्कशॉपला कुलूप लावून कोर्टाकडे निघाली.