चौथं माहेर

लातुरात माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे माझा आवाज मोठा. गिरणी बंद असली तरी मी ओरडूनच बोलते, असं घरातले म्हणतात. म्हणोत. आमच्या चौघींच्या रविवारच्या पायपिटीचं सगळं ठरवायचं काम माझ्याकडे आलं ते या आवाजामुळेच. बाकीच्या तिघी 'बघू, जाऊ' करत बसतात, आणि बघू-जाऊ म्हणणारं कुणी उंबरा ओलांडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सुरुवात झाली सिंधूताईंच्या साखरेपासून. सिंधूताई अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, आमच्यात सगळ्यांत मोठ्या. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. एकट्या कशा जाणार, म्हणून मी, मंजुश्री आणि शिवकांता सोबतीला निघालो. मंजुश्री क्लासच्या पोरांची मेस चालवते, शिवकांताच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे, आणि दोघींचंही दळण माझ्याकडे. आमची मैत्री अशी पिठाच्या डब्यावर जमलेली. मैदानावर गोल गोल फिरून पंधरा दिवसांत माझं डोकं उठलं. घाण्याला जुंपल्यासारखं किती फिरायचं? मी म्हटलं, चालायचंच आहे तर रानातून चालू, आणि जायचंच आहे तर माहेराला जाऊ.

मग नियम ठरले. ठरवले मीच. महिन्यातले दोन रविवार. एकेकीचा नंबर. जिचा नंबर तिच्या माहेरच्या फाट्यापर्यंत एसटीनं जायचं, तिथून गावापर्यंत चालत, गावातून शेतापर्यंत चालत, शेतात भाकरी खायची आणि परतायचं. रिक्षाला हात करायचा नाही. आणि निघताना माहेरवालीच्या घरच्या बाईनं चौघींची ओटी भरायची. मंजुश्रीच्या भावजयीनं पहिल्याच वेळी घोळ घातला. सिंधूताई विधवा, म्हणून ती खण हातात धरून घुटमळली. मी माझा गिरणीतला आवाज काढला, "चौघींची भरायची नसंल तर एकीचीबी नगं." तेव्हापासून कुठल्याच माहेरी कुणी घुटमळलं नाही. सिंधूताई त्या दिवशी एसटीत खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मांडीवरचा नारळ त्यांनी लातूर येईपर्यंत सोडला नव्हता.

मंजुश्रीचं माहेर झालं, सिंधूताईंचं झालं, चाकूरकडचं माझं झालं. चौथा नंबर शिवकांताचा. ती म्हणाली, "माझा नंबर मंजूला द्या." पुढच्या फेरीलाही तेच. आम्ही दिला. कारण आम्हाला माहीत होतं. भूकंपाच्या साली शिवकांता सोळा वर्षांची होती आणि गणपती बघायला लातूरला मावशीकडे आली होती. विसर्जन बघून झोपली ती उठली तेव्हा मागं घरातलं कुणी राहिलं नव्हतं. आई, वडील, आजी, दोन्ही भाऊ. मावशीनं तिला गावाकडे जाऊ दिलं नाही आणि दोन वर्षांनी मावशीच्याच दारातून तिचं लग्न लागलं. एवढं तिनं एकदाच सांगितलं होतं, दळणाचा डबा डोक्यावर असताना, आणि डबा उतरवायच्या आत विषय बदलला होता. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. लोक अजून मोटारी काढून बघायला जातात.

तिसऱ्या फेरीला, येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवायची वेळ अमावास्या, दोन आठवड्यांवर आलेली असताना, शिवकांता गिरणीत येऊन म्हणाली, "तारा, येळवस झाली की माझा नंबर लाव."

मी पट्टा थांबवला. "तुझ्या गावाला?"

"हाव. माझ्या घरी जाऊ की."

बास. मला एवढंच हवं होतं. आमच्याकडे येळवसेला अख्खं लातूर शेतात असतं. ज्याला शेत नाही त्याला दुसरा कुणी ओढून नेतो. शिवकांता तीस वर्षं नवऱ्याच्या शेतातच येळवस करत आली. आता तिला तिच्या गावात नेऊन वाजतगाजत उभी करायची, असं मी मनाशी घेतलं. तिच्या गावचा एक माणूस दर आठवड्याला ज्वारी घेऊन लातूरला येतो, त्याच्याकडून तिच्या चुलतभावाचा, बसवंतचा, नंबर काढला. बसवंत फोनवर एवढा हरखला की त्याला नीट बोलता येईना. "अक्का येणार? आमची अक्का? तुम्ही निस्तं या ताई, बाकी माझ्यावर सोडा." मी सोडलं. शिवकांताला यातलं काही बोलले नाही, म्हटलं तिला तिथं गेल्यावर कळू दे.

येळवसेनंतरच्या रविवारी आम्ही फाट्यावर उतरलो. हरभरा घाट्यावर आलेला, शेताशेतात येळवसेला उभारलेल्या कडब्याच्या कोपी अजून तशाच. शिवकांताच्या हातात मोठी पिशवी होती आणि ती कुणाला धरू देत नव्हती. फाट्यावर गावाच्या नावाची पाटी होती, कमान होती, आणि कमानीखाली बसवंत, त्याची बायको विशाखा आणि दहा-बारा माणसं हार घेऊन उभी.

शिवकांता माझ्याकडे बघून म्हणाली, "हे कुठं आणलीस मला?"

"तुझ्या गावाला. पाटी बघ की."

तिनं हार घालून घेतला. बसवंत आम्हाला गावातून घेऊन गेला. सरळ रस्ते, एका मापाची घरं, मधे मधे लिंबाची मोठी झाडं. भूकंपानंतर सरकारनं वसवलेलं गाव, आणि तेही आता जुनं झालेलं. बसवंत प्रत्येक दारात थांबून सांगत होता, ही आमची अक्का, आणि बाया पदर सावरून पाया पडत होत्या. शिवकांता सगळ्यांना हात जोडत होती, पण तिची नजर पाहुणीसारखी भिरभिरत होती. एवढ्या सगळ्यांत तिला ओळखणारी फक्त एक म्हातारी निघाली. तिनं शिवकांताचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सोडून दिलं.

बसवंतच्या घरात विशाखानं पाट मांडला होता. पोरगी पंचवीस-सव्वीसची, उदगीरकडची. भूकंप तिनं फक्त ऐकलेला. खण, नारळ, हळकुंड, गहू, सगळं ताटात नीट लावलेलं. "बसा अक्का," ती म्हणाली. "आधी तुमची भरते. लई वर्षांची राहिलीया."

शिवकांता पाटाजवळ गेली आणि उभीच राहिली. मग विशाखाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बाळा, तू लई गुणाची हायीस. पण हे माझं घर न्हाई गं."

बसवंतचा चेहरा पडला. तो म्हणाला, "अक्का, जुन्या गावात काय राहिलंय आता? निस्त्या बाभळी अन् साप. आमीबी जात न्हाई तिकडं."

"मला ठावं हाय."

"मंग?"

"मी ताराला म्हणले होते, माझ्या घरी जाऊ. ती हितं घिऊन आली." ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "तुझी काय चूक न्हाई. पाटी हितंच लावलीया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने मी चौघींच्या एसट्या, फाटे, पायवाटा ठरवत आले. आणि जिच्यासाठी सगळ्यांत जास्त खटपट केली तिला विचारलंच नव्हतं की तुझं घर म्हणजे कुठलं. गाव उठून दुसरीकडे गेलं म्हणजे माहेरही गेलं, असं मी धरूनच चालले होते. शिवकांतानं पिशवी उचलली आणि ती दाराबाहेर पडली. आम्ही तिघी मागं. निघताना विशाखानं ते खण-नारळ एका फडक्यात बांधून माझ्या पिशवीत कोंबले. "त्या म्हणाल्या तर तिथं भरा," एवढंच ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

तुरीतून वाट होती. शिवकांता एवढी भराभर चालत होती की सिंधूताईंना धाप लागली, पण त्याही थांबा म्हणाल्या नाहीत. पुढं तुरी संपल्या आणि वेड्या बाभळी सुरू झाल्या. बाभळींत दगडांचे ढीग, ढिगांवर घाणेरी. गाव म्हणावं असं काही दिसत नव्हतं. मारुतीचा ओटा तेवढा ओळखू आला. शिवकांतानं तिथं चपला काढल्या आणि हातात घेतल्या. मग ती चालत राहिली, आणि माझ्या लक्षात आलं की ती सरळ चालतच नाहीये. समोर मोकळी जागा असून ती डावीकडे वळायची, काही नाही तिथून वळसा घालायची.

मंजुश्री म्हणाली, "ताई, हितून सरळ जाता येतंय की."

"तिथं पंचाक्षरी मामाचा वाडा हाय," शिवकांता म्हणाली. "बोळातून जायाचं."

आम्ही बोळातून गेलो. एका ढिगापाशी ती थांबली. मी दमले होते, म्हणून दगडावर पाय देऊन पलीकडे उतरायला लागले, तर ती केवढ्यानं ओरडली, "तारे, तिकडनं नगं! ती भिंत हाय. दारातनं ये."

मी पाय मागं घेतला. दोन बाभळींच्या मधून ती वाकून आत गेली, कारण दार बुटकं होतं. आम्ही तिघीही वाकून गेलो.

आत तिनं हातानं पाचोळा सारला आणि आम्हाला बसवलं. हा सोपा, आमची ओसरी, म्हणाली. तिथं न्हाणी, तिथं चूल. आव्वा, म्हणजे तिची आई, सोप्यात झोपायची, आजी चुलीपाशी. मग ती पहिल्यांदाच नीट बोलली. "आमच्यात जाळत न्हाईत, तारा. मातीत बसवत्यात, गळ्यातल्या लिंगासकट. पण त्या टायमाला एवढी माणसं, कोण कुणाचं इचारणार? सगळ्यांला एकदमच जाळलं म्हणं. कुठं, ते मावशीनं सांगितलं न्हाई. म्हणून मला जायाला एक समाधीबी न्हाई. हे एवढंच हाय."

सिंधूताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी ठेवू शकले नाही. माझे हात पिशवीच्या बंदांत अडकले होते.

मग शिवकांतानं तिची पिशवी सोडली. ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, येळवसेची मिसळभाज्यांची भज्जी. पुन्हा नव्यानं केलेली, शिळी नव्हे. वाढताना ती घरच्या बाईसारखा आग्रह करत होती, "घ्या की, काय लाजून राहिलात?" जेवण झाल्यावर तिनं तीन खण काढले, नवऱ्याच्या दुकानातले, चांगल्या सुताचे. तीन नारळ. पदर खोचून तिनं आधी सिंधूताईंची ओटी भरली, मग मंजुश्रीची, मग माझी. "आव्वाच्या हातचं समजा," म्हणाली. मी पदर पसरला तेव्हा मात्र मला आवरलं नाही. मी तिथं मोठ्यानं रडले. त्या बाभळींत माझा आवाज फार लांबवर गेला असणार.

चौथा खण तिनं आणला नव्हता. स्वतःची ओटी स्वतः भरता येत नाही. मला विशाखाचं फडकं आठवलं. डोळे पुसून मी ते काढलं, नारळ हातात घेतला आणि म्हटलं, "बस. आता तुझी."

तिनं नारळाकडे बघितलं. हात पुढं केला, नारळावरून फिरवला आणि मागं घेतला.

"न्हाई, तारा. ओटी भरली की निघावं लागतंय. लेक काय माहेरी ऱ्हात न्हाई मंग." ती त्या चुलीच्या जागेकडे बघत होती. "मी आत्ताच तर आले."

मी फडकं परत बांधलं. एसटीची वेळ होऊन गेली तरी उठा म्हणाले नाही. ऊन बाभळींतून उतरत गेलं, बसवंत लांबूनच हाका मारायला लागला, तेव्हा ती उठली. वाकून दारातून बाहेर आली, मागं वळून आत बघत म्हणाली, "आव्वा, जाऊन येते." आणि बोळातून, पंचाक्षरी मामाचा वाडा चुकवून, आम्हाला बाहेर घेऊन आली.

आता शिवकांता तिचा नंबर कुणाला देत नाही. फाट्यावर उतरून आधी विशाखाकडे पाणी पितो. ती गुणी पोरगी दर वेळी ताजा नारळ आणि तोच खण माझ्या हातात देते, आणि परतताना मी ते तसंच तिला परत देते. मी दर वेळी त्या ढिगात फडकं सोडते, "बस," म्हणते, आणि शिवकांता नारळावरून हात फिरवून मागं घेते. एखाद्या रविवारी ती पदर पसरेल, आणि मला भरावी लागेल. मी एवढी बोलभांड बाई, पण वाकून त्या दारातून आत जाताना दर वेळी मनात म्हणते, आज नको.