पहिली कोंबडी

कोल्हारच्या श्रीमंतशेठच्या पोल्ट्रीत पाय बुडवल्याशिवाय कुणालाही प्रवेश नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही! शेडच्या दारात सिमेंटची उथळ टाकी आहे. तिच्यात औषधाचं पाणी असतं आणि चपलाबुटांसकट त्यात पाय बुडवूनच आत जायचं. एकदा त्यांचे सख्खे मेहुणे नवे कोरे बूट घालून आले आणि म्हणाले, "दाजी, मी आपला लांबूनच बघतो." शेठ म्हणाले, "लांबून म्हंजी रस्त्यावरून बघ." मेहुणे रुसले ते दिवाळीलाच परत बोलले.

हा कडकपणा उगाच नव्हता. मागे एका व्यापाऱ्याच्या बुटांबरोबर मानमोडीचा रोग शेडात शिरला आणि बघता बघता शेड रिकामं झालं. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात टाकताना शेठ ढसाढसा रडले होते. तेव्हापासून टाकीतलं पाणी ते स्वतः बदलायचे.

आता गंमत बघा. हाच माणूस शेडातून बाहेर आला की हात पँटीला पुसायचा आणि थेट भाकरीला बसायचा. राहीबाई, म्हणजे त्यांची बायको, साबण पुढे करायची.

"अवो, हात."

"काय घान हाय का त्यात? कष्टाचे हात हायेत."

कष्टाचं नाव निघालं की राहीबाईचं तोंड बंद. हा संवाद आपल्यापैकी किती जणांच्या घरी रोज होतो, ते ज्याचं त्याला माहीत.

शेठचं कोंबडीखाद्याचं दुकानही होतं. यंदा त्या खाद्याच्या कंपनीनं नगर जिल्ह्यातल्या आपल्या डीलरांना जोडीनं क्रूझवर न्यायचं ठरवलं. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. शेठनी ही बातमी स्टँडवर सांगितली, दुकानात सांगितली, कोंबड्यांनाही सांगितली असेल. मोठी बर्म्युडा घेतली, काळा गॉगल घेतला. राहीबाईनं समुद्र कधीच पाहिला नव्हता. ती नुसती हसायची आणि बॅग भरायची.

निघायच्या दिवशी सकाळीच शेठचं पोट बिघडलं. घाटापर्यंत त्यांनी दोनदा बस थांबवायला लावली. धाब्याच्या मोरीत साबण नव्हता. असता तरी वापरला असता की नाही, कोण जाणे. बंदरावर पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी प्रत्येकाला विचारत होती, "उलटी, जुलाब, ताप? काही त्रास?"

"ठणठणीत!" शेठ छाती काढून म्हणाले.

राहीबाईनं कोपर मारलं. शेठ हळूच पुटपुटले, "गप बस. खरं सांगितलं तर खोलीत कोंडत्याल न्हाईतर हितूनच माघारी धाडत्याल. तुला बेट बघायचंय का न्हाई?"

राहीबाई गप्प बसली. बेट तिलाही बघायचं होतं.

जहाजावरच्या जेवणघराच्या दारात हात धुवायची बेसिनं होती आणि तिथं एक वाढपी उभा होता. तिशीतला, चापून भांग पाडलेला. आत येणाऱ्या प्रत्येकाला तो हसून सांगायचा, "आधी हात, साबणानं. मग जेवण."

शेठ त्याला म्हणाले, "लेका, आमी काय पेशंट हाय का?" आणि त्याच्या बाजूनं आत सरकले. मागची मंडळी हसली. नेता पुढं गेला म्हटल्यावर निम्मी मंडळीही तशीच आत गेली.

वाढताना कळलं की त्याचं नाव संदीप आणि तो नेवाशाचा. मग काय विचारता! "अरे, आपलाच मानूस!" म्हणून टेबलावर गलका झाला. संदीपही खुलला. ही फेरी झाली की करार नवा होणार, मग घराचा स्लॅब टाकणार, असं सांगू लागला. एवढ्यात कुणीतरी विचारलं, "नेवाशात कुठं रं? कोनत्या आळीला?"

"बुद्धविहाराच्या शेजारी," संदीप सरळ म्हणाला.

चमचे क्षणभर थांबले. मग कुणीतरी विचारलं, समुद्राला सध्या लाटा कशा आहेत, आणि विषय तिकडे गेला. कुणी काही वाईट बोललं नाही. आपल्याकडे बोलायची गरजच पडत नाही.

त्याच संध्याकाळी शेठनी डेकवर भेळभत्ता काढला. नगरकडचा माणूस प्रवासाला निघाला आणि भत्त्याची, म्हणजे कोरड्या भेळीची, पिशवी बरोबर नाही, असं होत नाही. जेवणघरातून कांदा मागून आणला, मिरच्या आणल्या. पिशवीतच सगळं ओतलं आणि शेठनी मनगटापर्यंत हात घालून भेळ कालवली. थोड्याच वेळापूर्वी ते खोलीतल्या संडासातून पोट धरून बाहेर आले होते. हात बर्म्युडाला पुसले होते.

राहीबाईनं ते पाहिलं होतं. "चमचा आनू का?" तिनं विचारलं.

"चमच्यानं कालवलेल्या भेळीला चव असती व्हय!"

शेठनी प्रत्येकाच्या ओंजळीत मूठमूठ भेळ घातली. पारनेरचे कारभारीअण्णा सगळ्यांत वडील. शेठना पोल्ट्रीचा धंदा त्यांनीच शिकवला होता. त्यांना शुगर होती, ते नको नको म्हणत होते. शेठ म्हणाले, "अन्ना, माझ्या हातचं न्हाई खानार?" अण्णांनी तोंड उघडलं आणि शेठनी स्वतःच्या हातानं त्यांना घास भरवला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

दुसरा दिवस मजेत गेला. तिसऱ्या दिवशी, जेव्हा बेटावर उतरायचं होतं, तेव्हा सकाळीच घोळ झाला. नगरच्या मंडळींत ज्याच्या त्याच्या दाराआडून उलट्यांचे आवाज येऊ लागले. कारभारीअण्णांना तर व्हीलचेअरवर जहाजावरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांना बोलताही येत नव्हतं. हातात सलाइन, ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. शुगरच्या माणसाचं अंगातलं पाणी असं गेलं की मूत्रपिंडाला धोका असतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. आणि कारण कळेपर्यंत नगरच्या गटानं जहाजावरून उतरायचं नाही, असा हुकूम निघाला.

शेठचं पोट एव्हाना ताळ्यावर आलं होतं. त्यामुळे सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

"जेवनच खराब हाय तुमचं! कोन वाढतं, कोन शिवतं, काय पत्ता हाय का?" ते जेवणघराच्या मॅनेजरवर ओरडले. मॅनेजरनं विचारलं, कोणाबद्दल तक्रार आहे? शेठनी वाढप्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "तो संदीप. त्याच्या हातचं खाल्लं तवापासून झालंय हे."

आजूबाजूच्या दोनचार माना हलल्या. का हलल्या, हे कुणी कुणाला विचारलं नाही. चौकशी होईपर्यंत संदीपला कामावरून बाजूला केलं. तो एप्रन काढून निमूटपणे निघून गेला.

शेठ खोलीत आले तेव्हा राहीबाई पलंगावर बसली होती. तिचंही पोट दुखत होतं, पण तिच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा वेगळंच काहीतरी होतं.

"बसा," ती म्हणाली. "एक विचारते. आपल्या शेडात मरतूक लागली, की तुमी पयलं काय विचारता?"

"आता हे काय मधीच?"

"सांगा की."

"पयली कोंबडी कोनती मान टाकून बसली ते विचारतो. तिच्यावरून कळतं, रोग कुठून आला."

"मग हितं पयली कोंबडी कोनती?"

शेठनी गॉगल काढून पुसायला घेतला.

"सक्ख्या भावाला माझ्या तुमी दारातून हाकललं. कोंबड्यांसाठी. मला राग न्हाई आला, म्हनलं जितराबाची काळजी करत्यात. आन हितं? एवढी मानसं एका छपराखाली, एकाच चमच्यानं वाढून घेत्यात, एकाच कठड्याला धरत्यात. हे शेडच हाय की वो! त्या संदीपनं दारात टाकी ठेवली हुती. तुमी तिच्यावरून उडी मारली. तेच हात भेळीत घातले. तेच हात अन्नांच्या तोंडात!"

"हळू बोल," शेठ म्हणाले.

"न्हाई बोलत हळू! बंदरावर हळू बोलले तेच चुकलं. मलाबी बेट बघायचं हुतं, म्हनून गप बसले. माझ्याबी तोंडाला काळं लागलं. पन त्या संदीपचं काम गेलं तर आपुन कोन्या तोंडानं कोल्हारात जायाचं? आन खरं सांगा. एवढे वाढपी हुते, त्याचंच नाव का आलं तुमच्या तोंडात?"

शेठना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. अण्णांनी घास घेताना कसं लहान मुलासारखं तोंड उघडलं होतं, ते त्यांना आठवलं. शेठना वाटलं, हे हात कुठंतरी लपवावेत. लाज म्हणजे काय, ते त्या माणसाला पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कळत होतं.

दुपारी डॉक्टरबाईंनी, म्हणजे पंकजा मॅडमनी, बरी असलेली मंडळी छोट्या हॉलमध्ये बोलावली. कोपऱ्यात मॅनेजरशेजारी संदीप उभा होता, हात मागे बांधून. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेच जेवण बाकीचे प्रवासीही जेवलेत, त्यांना काही झालेलं नाही. हा रोग हातांवरून पसरतो. आजारी माणूस संडासातून आला, हात न धुता खाण्याला लागला, की झालं. नुसत्या सॅनिटायझरच्या जेलनं भागत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. मला एवढंच सांगा, सगळ्यांत आधी त्रास कोणाला झाला?"

खिडकीतून बेट दिसत होतं, आणि दुसऱ्या प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या होड्याही.

शेठ उठले.

"मॅडम, पयली कोंबडी मी हाय!"

कुणीतरी हसलं, आणि शेठचा चेहरा पाहून तसंच थांबलं.

"निघायच्या दिवशीच माझं पोट बिघडलं हुतं. बंदरावर खोटं बोललो. संडासातून आलो, हात धुतले न्हाईत, आन त्याच हातानं सगळ्यांना भेळ कालवली. अन्नांना मी भरवली. त्यांचं काय बरंवाईट झालं तर ते मी केलं." त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. "आन हा संदीप. यानं मला दारात सांगितलं हुतं, आधी हात. मी त्याची थट्टा केली. मग त्याचंच नाव घेतलं. का घेतलं, ते मलाबी ठाऊक हाय आन तुमालाबी. माना तुमीबी हलवल्या हुत्या."

कुणी वर बघेना. एकमेकांकडे तर नाहीच. राहाता, पारनेर, श्रीगोंदा, साऱ्या तालुक्यांचे कर्तबगार डीलर गालिच्याकडे बघत बसले होते.

मग जे व्हायचं ते झालं. संदीपला लगेच कामावर परत घेतलं. तब्येत बरी असलेल्यांना बेटावर सोडलं. शेठना मात्र मुंबई येईपर्यंत खोलीतून बाहेर पडायची बंदी झाली, कारण पोट थांबलं तरी रोग अंगात काही दिवस राहतो. राहीबाईही आजारीच होती. तिनं बेट पाहिलं ते खिडकीतूनच. "दिसलं की," ती म्हणाली, आणि शेठना ते एखाद्या शिवीपेक्षा जास्त लागलं.

अण्णा वाचले. दोन दिवसांनी त्यांनी पेज मागितली, तेव्हा शेठनी देवाला हात जोडले. जोडण्याआधी धुतले होते.

मुंबईला उतरायच्या सकाळी बंदी उठली आणि शेठ जेवणघराच्या दारात गेले. संदीप बेसिनजवळ उभा होता. शेठनी गॉगल काढला, बाह्या सारल्या आणि साबणानं हात धुतले, बोटांच्या बेचक्यांत, नखांत, अंगठ्यांभोवती, जसं डॉक्टरबाईंनी दाखवलं होतं तसं. मग म्हणाले, "संदीप, माफी माग म्हनशील तर पाया पडतो. माझं चुकलं."

"पाया नका पडू शेठ." संदीपनं त्यांना कागदी रुमाल दिला. "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, माझं काम वाचलं. ते मी विसरणार नाही. हातही आज छान धुतलेत. पण त्या दिवशी 'त्याच्या हातचं' म्हणालात ना, ते कशानं धुवायचं, ते मला माहीत नाही."

ओला रुमाल मुठीत धरून शेठ तसेच उभे राहिले, मागे रांग लागेपर्यंत.

आज कोल्हारच्या शेडच्या दारात टाकीशेजारी एक बेसिन आहे. साबण आहे, नळ आहे. शेठ स्वतः आधी हात धुतात, मग भाकरीला बसतात. भत्ता कालवायचा तर राहीबाई चमचा देते आणि शेठ तो मुकाट घेतात. परवा दुकानात कुणीतरी नव्या गिऱ्हाइकाला विचारलं, "कोनत्या आळीचे तुमी?" शेठ पटकन म्हणाले, "त्याचं काय करायचंय तुला? खाद्य किती पायजे ते इचार." बोलताना त्यांची नजर खालीच होती.

मंडळी, रोग जात बघून येत नाही, तो न धुतलेल्या हातानं येतो. मग तो हात कष्टाचा असो, प्रेमाचा असो की मानाचा. संडासातून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवायला कितीसा वेळ लागतो? पोट बिघडलं असेल तर खरं सांगून बाजूला बसण्यात कसला आलाय कमीपणा? आणि आपल्या चुकीचा दोष दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याआधी आपण त्याचंच नाव का घेतो आहोत, हे स्वतःला विचारा. हातावरची घाण पाण्यानं जाते. मनातली काढायला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागते, आणि तेवढ्यानंही ती पुरती जात नाही. म्हणून ती साठूच देऊ नका.