पोटाखालचे चौकोन

पाणबुडीचा फक्त डेक रंगवायचा राहिला होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

बाकीची बोट काकांनी अशी उतरवली होती की बघत राहावं. हातभर लांबीचं लाकूड कोरून, घासून, खालून विटकरी आणि वरून काळं केलेलं. पण नव्या रंगाची चकाकी त्यांना सहन होत नव्हती. पोपडे निघालेले दिसावेत म्हणून त्यांनी आधी गंजासारखा तपकिरी हात दिला, त्यावर पाणी शिंपडून मीठ भुरभुरलं, ते वाळल्यावर वरून काळा रंग मारला आणि शेवटी अंगठ्याने मीठ चोळून काढलं. मिठाच्या जागी खालचा गंज डोकावू लागला. पाण्याच्या रेषेवर त्यांनी फाटक्या मोज्याच्या बोळ्याने शेवाळ टिपलं. पाणी गळायच्या भोकांखाली गंजाचे ओघळ काढले, वर दाट आणि खाली विरत गेलेले.

"अहो, चांगली नवीकोरी वस्तू, तिची एवढी रया का घालवताय?" काकूंनी विचारलं.

"समुद्रात राहिलेली बोट अशीच दिसते."

"असेल बाई. तुम्ही आत राहिलाय, तुम्हालाच ठाऊक."

सगळी गोम इथेच होती. काका आत कधी राहिलेच नव्हते.

ते गोदीतले रंगारी. पाणबुडी दुरुस्तीला आली की तिला गोदीत घेऊन पाणी उपसायचे, लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचे, मग काका आणि त्यांच्यासारखे वीसेक जण खाली उतरून तिचं पोट खरवडायचे, चिकटलेले शिंपले काढायचे आणि नवा रंग चढवायचे. एकतीस वर्षं त्यांनी पाणबुड्या पाहिल्या त्या मान वर करून. डेकवर चढायची रंगाऱ्यांना परवानगीच नव्हती.

लग्न जुळवताना आत्याने मुलीकडच्यांना ठोकून दिलं होतं, "मुलगा पाणबुडीवर खलाशी आहे. महिनोन्महिने समुद्राखाली असतो." चांगली लोणकढी थाप! समोर बसलेली मुलगी डोळे विस्फारून बघायला लागली, आणि काका मूग गिळून बसले. म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांगू. लग्न झालं, मग वाटलं, मूल होऊ दे. मुलगी झाली, शाळेत गेली आणि 'माझे बाबा पाण्याखाली राहतात' असा निबंध लिहून बक्षीस घेऊन आली. त्यानंतर सांगायची सोयच उरली नाही. गोदी दुसऱ्या गावी, घरी येणं दोन-तीन महिन्यांनी, त्यामुळे निभावलं. फोटो का नाही, गणवेश कुठाय, असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, "आमचं खातं गुप्त असतं." गुप्त तर होतंच. खुद्द खात्यालाही पत्ता नव्हता इतकं गुप्त!

गल्लीत त्यांना पाणबुडीकाकाच म्हणत. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा त्यांना गुदगुल्या झाल्या होत्या. आता कुणी ती मारली की त्यांना रस्ता बदलावासा वाटे. निवृत्तीनंतर तर सुटकाच नव्हती. आधी निदान गोदीत ते रंगारी असत, आता दिवसाचे सगळे तास पाणबुडीकाका. हा नमुनासुद्धा काकूंचाच हट्ट. एवढी वर्षं ज्यात काढली ती बोट दिवाणखान्याच्या कपाटात नको का?

आणि त्यात आठ दिवसांपूर्वी लेकीचा फोन आला. जावयाचे मामा रविवारी काकांच्या गावावरून जाणार होते. दुपारी घरी येतील, तासभर बसतील. "बाबा, गंमत म्हणजे तेही पाणबुडीवालेच! एकोणीस वर्षं होते. कधीपासून तुम्हाला भेटायचं म्हणतायत."

काकांची पाचावर धारण बसली. काकू मात्र पडदे धुवायला काढून मोकळ्या झाल्या.

डेक काही केल्या जमेना. माणसांच्या पायांनी रंग झिजतो हे काकांना ठाऊक होतं, पण माणसं चालत कुठून? वर चढताना कुठल्या कडीला धरत? झाकणातून खाली उतरताना बूट कुठे घासत? खालच्या प्रत्येक शिंपल्याची जागा सांगू शकणारा हा माणूस वरच्या एका पावलाचीही खात्री देऊ शकत नव्हता. शेवटी त्यांनी मधोमध एक सरळ झिजलेला पट्टा काढला, जिन्यावरच्या जुन्या गालिच्यासारखा. तो बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी ठरवलं, मामा यायच्या आत सांगून टाकायचं. मंगळवारी तोंड उघडलं, तर काकू स्टुलावर चढून पडदे लावत होत्या. म्हटलं, पडतील. गुरुवारी त्या फोनवर कुणाला तरी अभिमानाने सांगत होत्या, "यांच्या बरोबरचे येतायत हो." शनिवारी काकूंनी स्वतःच विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाही का? तोंड का असं उतरलंय?" आणि काका म्हणाले, "रंगाचा वास चढला असेल." पळपुटा माणूस! पण पळून पळून जाणार कुठे, दोन खोल्यांत?

रविवारी मामा आले. ठेंगणे, मान किंचित पुढे काढून चालणारे, सगळं आयुष्य बुटक्या छताखाली काढल्यासारखे. आल्या आल्या त्यांनी बोट हातात घेतली आणि डेक बघून हसले.

"व्याही, इथून कोण चालायचं हो? आम्ही सगळे डावीकडून. उजवीकडे दोराचे खुंट, नडगी फुटायची."

"आमच्या बोटीत... जरा वेगळं होतं," काका म्हणाले.

काकू चहा टाकायला आत गेल्या. मामांनी बोट उलटी केली, आणि त्यांचं हसू थांबलं. ते खिडकीपाशी गेले. उजेडात ते पोट त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग तळाच्या मधल्या रेषेवर ओळीने असलेल्या फिकट डागांवर बोट ठेवलं.

"हे चौकोन कसले?"

"ठोकळ्यांच्या जागा," काका लगेच म्हणाले. "बोट ठोकळ्यांवर बसते ना, तेवढ्या जागी ब्रश जात नाही. तिथे जुनाच रंग राहतो. पुढच्या खेपेला ठोकळे हातभर सरकवून मांडायचे, मग हे चौकोन रंगवून घ्यायचे. हे बघा, हे पुसट आहेत ना, ते त्याच्याही आधीच्या खेपेचे. आणि इथे पंख्याजवळ ब्रश उलटा धरावा लागतो, नाहीतर रंग कोपरापर्यंत ओघळतो."

किती वर्षांनी ते खरं बोलत होते! थांबवेचना. थांबले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

मामा हळूच म्हणाले, "तुम्ही गोदीतले. खालचे."

काकांनी मान हलवली.

"वहिनींना?"

काकांनी मान हलवली, या वेळी नकाराची.

मामांनी बोट जपून टेबलावर ठेवली. "एकोणीस वर्षं मी हिच्या पोटात काढली, पण बाहेरून हे पोट आज पहिल्यांदा बघतोय. खोल गेलं की लोखंड कुरकुरायचं, माहितेय? तेव्हा मी मनात म्हणायचो, खाली ज्या कुणी काम केलं असेल त्याने नीट केलेलं असू दे बाबा. नीटच केलं होतंत तुम्ही लोकांनी."

काकांच्या कामाबद्दल असं कुणी कधी बोललंच नव्हतं. बोलणार कसं, सांगितलं होतं कुणाला? आणि एकाएकी त्यांना वाटलं, हेच या माणसाने तिच्यासमोर म्हटलं तर? मग मी रंगारी होतो हे सांगायला एवढं अवघड नाही. आत्ताच सांगायचं. तिला काय म्हणायचं ते म्हणू दे, पण हे ओझं उतरू दे.

काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"अगं, बस जरा. मला तुला एक सांगायचंय. इतक्या वर्षांत..." काकांचा आवाज फाटला. "मी खरं म्हणजे त्या बोटीत..."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. घामेजलेलं कपाळ, भरलेले डोळे. त्यांना वाटलं, बिचारा कोंडीत सापडला आणि आता कोसळणार.

"अहो वहिनी, मी सांगतो!" मामा मोठ्याने म्हणाले. "व्याह्यांना भरून आलंय. मघाशी आमची ओळखच पटली नाही. आत्ता बोलता बोलता पटली. आम्ही दोन फेऱ्या एकाच बोटीवर केल्यात!"

"काय सांगता!"

"ओळखणार कसा? तेव्हा यांना ही एवढी दाढी होती."

"दाढी?" काकूंनी ट्रे तसाच धरला होता. "यांना? मी कधी पाहिली नाही ती!"

"घरी निघताना काढायचे. सगळेच काढायचे."

काका तोंड उघडं ठेवून उभे होते. आता खरं बोलायचं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला, लेकीच्या सासरच्या माणसाला, तोंडावर खोटं पाडायचं. त्यांनी तोंड मिटलं.

काकूंनी ट्रे खाली ठेवला आणि खुर्चीत बसल्या. पदराने डोळे पुसले.

"मामा, आज तुमच्यापासून काय लपवायचं? एवढी वर्षं माझ्या मनात किंतु होता. एक फोटो नाही, एक दोस्त नाही, कुणाचं पत्र नाही. वाटायचं, यांचं दुसरीकडे घर तर नाही? या आठवड्यात तर यांचा चेहरा बघवत नव्हता. मी ठरवलं होतं, आज तुम्ही गेलात की यांना समोर बसवायचं आणि विचारायचंच. काय असेल ते ऐकून घ्यायचं, चिडायचं नाही, असंसुद्धा ठरवलं होतं." त्या काकांकडे बघून हसल्या. असं मोकळं हसू काकांनी त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "आता विचारायचं काही उरलंच नाही."

चहा झाला. मामांनी दोन फेऱ्यांमधले आणखी तीन किस्से सांगितले. तिन्हींत काका होते. एकात तर त्यांनी म्हणे कुणाचा जीव वाचवला होता. काकू पुन्हा पुन्हा विचारत होत्या आणि काका "हो, हो" म्हणत होते.

मामा निघाले तेव्हा काका त्यांना सोडायला खालपर्यंत गेले. जिन्याच्या वळणावर मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐन वेळी सुचलं बघा. बरं केलं ना मी?"

काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात चांगुलपणाशिवाय दुसरं काही नव्हतं.

"फार बरं केलंत," ते म्हणाले.

वरून दारातून काकूंची हाक आली, "अहो, मामांना विचारा की, तुमचा दाढीवाला एखादा फोटो असेल का कुणाकडे?"

"विचारतो," काका म्हणाले.