पाखऱ्याचं पथ्य

शेवंतीने लीद काठीने उकरून पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. लिदीत लाल दाणे होते. म्हणजे आजही कुणीतरी घोड्याला मिलो चारलाच होता.

त्र्याहत्तर साल होतं. रेशनवर गहू-तांदूळ नावाला आणि मिलो हवा तितका. ती लाल परदेशी ज्वारी कुणाच्या घशाखाली उतरत नसे, पण कार्डावर मिळते ती सोडायची कशी? दहिसरच्या त्या वाडीतल्या बायका रांगेत उभ्या राहून मिलो आणत, शिव्या घालत भाकऱ्या थापत, पोरं त्या ताटात तशाच ठेवत, आणि उरलेल्या भाकऱ्या नाहीतर ओंजळभर दाणे घेऊन जी ती निघे ती थेट शेवंतीच्या दारी. अन्न उकिरड्यावर टाकलं नाही याचं समाधान, वर मुक्या जनावराला घातल्याचं पुण्य. वाडीत घरं चौदा, आणि खाणारा एकटा पाखऱ्या. छातीइतक्या उंचीचं ते तट्टू, ते तरी किती खाणार? पण घातलं तितकं खात होतं, हीच तर पंचाईत होती.

पाखऱ्या शेवंतीच्या नवऱ्याचा. गुणाजी बोरीवली स्टेशनवर टांगा हाकायचा. दोन वर्षांमागे तो काविळीने गेला, टांगा विकला गेला, आणि उतारवयाच्या तट्टाला गिऱ्हाईक मिळालं नाही. शेवंतीनेही फार शोधलं नाही, कारण तिच्या डोक्यात एक बेत शिजत होता.

तिची उत्तरा दहा वर्षांची. दोन वर्षांची असताना ताप आला तो डावा पाय लुळा करून गेला. गुडघ्यावर हात दाबून पोर अंगणापुरती चालायची. चौथीपर्यंतची शाळा वाडीतच होती, तिथे शेवंती तिला उचलून नेई. पाचवीची मैलभर लांब. तिथले हेडमास्तर अंबादास सर स्पष्टच बोलले होते, "बाई, उचलून आणलेली पोर दोन महिने टिकते. मग आणणारा कंटाळतो. मी पाहिलंय. हिला आपली आपण येता येत असेल तर शाळा उघडेल त्या सोमवारी येऊन दाखवू दे. तोवर एक जागा ठेवतो. नंतर नाही."

आपली आपण म्हणजे पाखऱ्यावरून, असं शेवंतीने ठरवून टाकलं आणि सरांना तसं सांगूनही आली. टप्पेही तिनेच आखले. संक्रांतीपर्यंत विहीर, शिमग्यापर्यंत म्हशींचा तबेला, मग पिठाची गिरणी, मग नाल्यावरची मोरी, आणि मे संपायच्या आत शाळेचं फाटक. दगडावर पाय ठेवून चढायचं, लगाम स्वतःच्या हातात ठेवायचा. पाखऱ्याचं खाणंही तिने गुणाजीच्या पद्धतीने बांधून दिलं. दोन वेळा गवत, दुपारी कोंडा, भिजवलेले चणे मूठभर, बस्स.

शिमग्यापर्यंत सगळं बेतासारखं झालं. पोर तबेल्यापर्यंत ताठ बसून गेली आणि परत आली. मग मसाल्याचे दिवस सुरू झाले, शेवंती दिवसभर लोकांच्या मिरच्या कांडायला बाहेर राहू लागली आणि मागे वाडीला रान मोकळं मिळालं. पंधरा दिवसांत पाखऱ्याचं पोट असं सुटलं की खोगिराचा पट्टा पुरेना.

"कमळ, तुला कितीदा सांगितलं गं त्याला भाकरी घालू नको म्हणून?"

"एकच तर घातली," शेजारची कमळ म्हणाली. "एवढ्या घोड्याला एका भाकरीने काय होतंय?"

"चौदा घरं एकेकच घालतात!"

"मग बाकीच्यांना सांग ना. माझ्यावर कशाला डाफरतेस?"

बाकीच्यांना सांगितलं तर बाकीचेही हेच म्हणाले. घरात सासू पुतळाबाई, ती तर उलट दारात बसून भाकऱ्या जमा करून घ्यायची. "अगो, मुको जीव तो. माणसां खाऊक नाय, ता तो आवडीन खाता. अन्न खंय टाकूचा?"

"त्याच्या पोटात टाकू नका, म्हणजे झालं!"

शेवटी शेवंतीने उत्तराकडून पाटी लिहून घेतली आणि गोठ्याला लावली. 'घोड्यास भाकरी घालू नये.' ती वाचून कमळने दुसऱ्या दिवशी गूळ आणला. शेवंतीने डोकं भिंतीवर आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

पाडव्याला सण म्हणून सगळ्यांनीच हात सैल सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाखऱ्या मागच्या पायांवर भार देऊन अवघडून उभा होता. पुढचे पाय टेकवत नव्हता. खुरांना हात लावला तर ते कढत.

तबेल्यावर म्हशी तपासायला येणाऱ्या डॉक्टर श्यामकांतांना तिने ओढूनच आणलं.

"काय चारता हो ह्याला?"

"मी नाही चारत. वाडी चारते."

"दाणा अंगावर आलाय. खुरांना सूज आहे. नदीकाठच्या गार चिखलात रोज उभा करा, गवताशिवाय काही नको. महिन्याभराने हळूहळू चालवा. पाठीवर मात्र दिवाळीपर्यंत कुणी बसायचं नाही."

"दिवाळी? डॉक्टर, शाळा जूनमध्ये उघडते!"

"ह्याला शाळेत घालायचंय का?" डॉक्टर हसून म्हणाले. शेवंतीला त्या माणसाचा इतका राग आला की त्यांना पाणीसुद्धा न विचारता तिने वाटेला लावलं.

मग ती वाडीच्या मधोमध उभी राहिली आणि तोंडाला येईल ते बोलली. "मिळालं ना पुण्य सगळ्यांना? भरून घ्या! माझी पोर बसली घरी!" दारं लोटली गेली. त्या दिवसापासून एक तुकडा आला नाही, पण आता त्याचा काय उपयोग? पुतळाबाईने दोन दिवस सुनेकडे मान वर करून पाहिलं नाही. उत्तरा मात्र उठून पाखऱ्याला गवत घालायला गेली, आणि तेच शेवंतीला सर्वांत जास्त लागलं.

मेच्या शेवटी एकदा काम लवकर आटोपलं. शेवंती घरी आली तर गोठा रिकामा.

"उत्तरा कुठंय?"

"पाखऱ्याक फिरवूक गेली," पुतळाबाई म्हणाली.

"फिरवायला? कशी?"

"कशी म्हंजे? पायान."

शेवंती तिखटाच्या हातांनी तशीच धावली. विहिरीवर नाही. तबेल्यापाशी नाही. गिरणीवाल्याने पुढे बोट दाखवलं. मोरीपाशी दोघं दिसली. पाखऱ्या एक एक पाऊल जपून टाकत होता आणि उत्तरा डावा हात त्याच्या मानेवर टाकून, मुठीत आयाळ धरून त्याच्या बाजूने चालत होती.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?" शेवंती लांबूनच ओरडली. "पडली असतीस म्हणजे?"

"तीनदा पडले. मी पडले की तो थांबतो."

"कधीपासून चाललंय हे?"

"डॉक्टरांनी चालवायला सांगितलं ना. तू कामाला जातेस, आजीला जमत नाही. मग कोण चालवणार?"

"अगं पण तुला..."

"तो लंगडतो, मी पण लंगडते. आम्हाला काय घाई नाही, आई."

पोरं लंगडून दाखवून चिडवतात म्हणून आठ वर्षं शेवंतीने पोरीला अंगणाबाहेर चालू दिलं नव्हतं. तिला लाज वाटली, स्वतःचीच. मोरीच्या कठड्यावर ती बसली आणि दोघं तिच्यासमोरून सावकाश पुढे गेली.

शाळा उघडली त्या सोमवारी उत्तरा पहाटेच उठून तयार झाली. घर ते फाटक सव्वा तास लागला. शेवंती दहा पावलं मागून चालत होती. धावत जाऊन पोरीला धरावं असं तिला शंभरदा वाटलं आणि शंभरदा तिने स्वतःला आवरलं. पोचली तेव्हा घंटा होऊन गेली होती. अंबादास सर फाटकातच उभे होते.

"घोड्यावर बसून येणार होतीस ना?"

"त्याच्यावर बसायचं नाहीये. तो आजारी आहे."

"मग रोज अशी येणार?"

"हो."

"उशीर झालाय."

शेवंतीने पदर खोचला, आता ह्या माणसालाही सुनावायचं म्हणून. पण उत्तराच म्हणाली, "उद्या अजून लवकर निघेन."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, पाखऱ्याकडे पाहिलं, आणि खिशातून पेन काढलं. "पूर्ण नाव सांग."

शेवंतीला रडू फुटलं. एवढे महिने ती सगळ्या वाडीशी भांडली होती. आता भांडायला कुणी उरलं नव्हतं, आणि हातांचं काय करायचं ते तिला कळेना. उत्तराने आयाळ सोडली, गुडघ्यावर हात दाबला आणि वळून दबक्या आवाजात म्हणाली, "आई, जा ना गं तू आता. पोरी बघतायत."

आणि ती वर्गाकडे गेली. एकेक पाऊल टाकत, मागे न बघता.

शेवंतीने डोळे पुसले, लगाम धरला आणि ओढला. पाखऱ्या हलेना. वर्गाच्या दाराकडे मान करून तो उभाच राहिला.

"चल रे बाबा, शाळा सुटली की येऊ परत," शेवंती म्हणाली. "तिने जा म्हणून सांगितलंय आपल्याला."