टाकेबाईंची खोली

"घरी कोण कोण असतं हो?" टाकेबाईंनी विचारलं.

"बायको, दोन मुली, म्हातारी..." पोटावर बारा टाके घेऊन आडवा झालेला गवंडी मोजू लागला, तोवर चार टाके ताटलीत पडलेसुद्धा.

"काढले पण?"

"तुम्ही म्हातारीपर्यंत पोचलात तेव्हाच."

सव्वीस वर्षांची ही युक्ती. घरची माणसं आठवताना पोटावरचं लक्ष उडतं. उत्तर काय आलं, ते त्यांनी कधीच नीट ऐकलेलं नव्हतं. सगळं ध्यान चिमट्याच्या टोकाशी. टाकेबाई म्हटलं की सुरुवातीला त्या नाक मुरडायच्या. आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर वळतही नसत.

वर्षभरापूर्वी डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास काढला. पोटाचं ऑपरेशन संपत आलं की चिठ्ठी उघडायची आणि तीत निघेल तसे टाके घालायचे. कुणाला नेहमीचे सुट्टे टाके, कुणाला कातडीच्या आतून एकच सलग दोरा, आपोआप विरघळणारा. दहाव्या दिवशी टाकेबाईंनी जखम तपासून तक्ता भरायचा: लाली, पू, उसवली का. आतला दोरा सरस ठरला तर काढायला टाकेच उरणार नव्हते. मग ही खोली बंद आणि टाकेबाई वरच्या वॉर्डात, दिवसभर उभ्यानं. गुडघे तर आत्ताच रडत होते. थोडक्यात, स्वतःच्या पायावर धोंडा, तोही स्वतःच्या सुवाच्य अक्षरात.

"दोन-चार ठिकाणी लाली लिही की," नवरा म्हणाला होता. "कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," त्या म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या.

तरी मन काही साधुसंताचं नव्हतं. आतल्या दोऱ्याच्या एका जखमेत पू झाला, तेव्हा त्यांना आनंद झाला होता. सुट्ट्यातला एखादा टाका सोडून पू काढता येतो, इथं कसं करणार, असं त्या दिवसभर सांगत सुटल्या. संध्याकाळी त्या बाईचा सुकलेला चेहरा आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. पुढं सुट्ट्या टाक्यांतही पू झाला, एकदा नाही, पाचदा. तोही त्यांनीच लिहिला.

गवंडी गेला आणि एक म्हातारेबुवा कण्हत टेबलावर चढले.

"अभ्यासातले हे शेवटचे हं, सिस्टर," डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या. "आतला दोरा. तक्ता दुपारी पाठवा."

जखम केसासारखी बारीक, कोरडी. फक्त खालच्या टोकाला लालसर होतं. टाकेबाई क्षणभर थबकल्या. लाली लिहिली असती तर अगदी खोटंही ठरलं नसतं. मग त्यांनी दिवा जवळ ओढला, बोटानं दाबून पाहिलं, म्हातारेबुवांना लेंग्याची नाडी सैल करायला लावली आणि थांबल्या. पाच मिनिटांत लाली मावळली. नाडीचा वळ होता तो.

'लाली: नाही,' त्यांनी लिहिलं. खूप दमल्यासारखं वाटलं.

मग हात सवयीनं चिमट्याकडे गेला आणि तोंड सवयीनं बोललं, "घरी कोण कोण असतं हो?"

"कुणी नाही," म्हातारेबुवा म्हणाले. "होती ती गेली मागच्या वर्षी."

चिमटा हातातच राहिला. काढायला काहीच नव्हतं. या टेबलावरून आजवर असं किती जणांनी सांगितलं असेल, आणि आपण पुढचा टाका धरला असेल!

बाहेरच्या बाकावर कुणी नव्हतं. टाकेबाईंनी चिमटा रिकाम्या ताटलीत ठेवला, स्टूल ओढलं आणि गुडघे सांभाळत बसल्या.

"काय झालं होतं त्यांना?" त्यांनी विचारलं.